भंगाराचा भाव

"भंगारात घालायची वस्तू ती, वहिनी. तिला तपासायचं काय?" दीर चपला न काढता दारातच उभा होता. "मी नेतो. येईल तो भंगाराचा भाव तुमच्या हातावर ठेवतो."

टाकी स्वयंपाकघराच्या फरशीवर जुन्या चादरीवर आडवी ठेवली होती. पाण्याखाली उतरताना तिचा नवरा पाठीला बांधायचा ती हवेची टाकी. बंदरातल्या जहाजांचे तळ खरवडायचं त्याचं काम. आठ महिन्यांपूर्वी त्याचा देह वर काढला, तेव्हा ही टाकी तिने स्वतः उचलून घरी आणली आणि पलंगाखाली सारली. दिराने कारण जागच्या जागी सांगून टाकलं होतं: टाकी जुनी, गळकी, खाली हवा संपली. वर हेही म्हणाला होता, की दादा नवी घेणार होता, कुणी घेऊ दिली असती तर.

नवी घेऊ दिली नव्हती ती तिनेच. "आहे ती काय वाईट आहे?" एवढंच म्हणाली होती. ते वाक्य आठ महिने तिला गिळता येत नव्हतं आणि थुंकताही येत नव्हतं. म्हणून तिने टाक्या तपासणाऱ्या म्हाताऱ्याला बोलावून घेतलं होतं. टाकी विकायची होती हे खरं. पण त्याआधी तिला एकदा ऐकायचं होतं, की दोष टाकीचाच होता का.

म्हाताऱ्याला बोलायची हौस नव्हती. त्याने टाकीच्या खांद्यावर ठोकलेले आकडे अंगठ्याने पुसून वाचले. चाचणीची मुदत अजून बाकी होती. मग कान लावून टाकी हळूहळू फरशीवर लोळवली.

"आत गंज असता तर खपल्या खुळखुळल्या असत्या. काही नाही."

"दिसतं तसं नसतं, काका," दीर म्हणाला.

"म्हणून तर पोट भरतंय माझं."

आत दिवा घालून पाहायला तोटी काढावी लागते. त्याआधी म्हाताऱ्याने सवयीप्रमाणे दाब मोजायचा काटा जोडला आणि तिच्याकडे वळून पाहिलं.

"रिकामी आहे असं कोण म्हणालं? निम्म्याहून जास्त भरलेली आहे. गळकी टाकी आठ दिवस दम धरत नाही, ताई. ही आठ महिने धरून बसलीये."

"काटा बिघडला असेल तुमचा," दीर म्हणाला.

काटा काढून म्हाताऱ्याने तोटी किंचित सैल केली. बारीक फुस्स आवाज आला. ती चादरीवर गुडघे टेकून बसली. आठ महिन्यांत नवऱ्याच्या एकाही वस्तूने घरात असा आवाज केला नव्हता.

"म्हणजे यांची हवा... आत राहिलीये अजून?" ती गाल तोटीजवळ नेऊ लागली.

म्हाताऱ्याने आधीच हुंगलं होतं. त्याने तिचा दंड धरून तिला मागे ओढलं आणि तोटी बंद केली.

"तोंड लांब घ्या. ही भरली कुणी होती?"

"भावजींनी. त्यांचंच टाक्या भरायचं दुकान आहे ना. घरचं असताना परक्याकडे कशाला, म्हणायचे हे."

"धुराचा वास आहे," म्हातारा म्हणाला. आता तो दिराकडे बघत होता. "यंत्राची हवा ओढणारी नळी धुराड्याजवळ पडली, की इंजिनाचा धूर टाकीत भरला जातो. जमिनीवर माणसाचं डोकं दुखेल, चक्कर येईल. पाण्याखाली शुद्ध गेली की संपलंच."

"नळी मी लांबच ठेवतो," दीर म्हणाला. "त्या दिवशी वारा फिरला होता."

कोणत्या दिवशी, ते कुणी विचारलंच नव्हतं.

तिने तळहात टाकीवर ठेवला. मग तिने विचारलं, "आणि टाकी?"

"टाकीत खोट नाही, ताई. अजून वीस वर्षं जाईल."

तिला हायसं वाटलं. हायसं वाटल्याची लगेच शिसारीही आली.

दिराने चपला काढल्या. आत येऊन तिच्यासमोर उकिडवा बसला. आवाज खाली आणून म्हणाला, "वहिनी, आपल्या घरातली गोष्ट आहे. हवा सोडून देऊ. मी नव्या टाकीचा भाव देतो."

"नव्या टाकीचा कशाला, भावजी? भंगारच ना ही?"

तिने दोन्ही हातांनी तोटी आवळली, आणखी फिरेना तोवर आवळली.

"काका, ही उघडली नाही, तर आतली हवा किती दिवस टिकेल?"

म्हाताऱ्याने आपली पिशवी बांधायला घेतली.

"टाकी चांगली आहे, ताई. तुम्ही म्हणाल तितके दिवस."