बाई म्हणते डावीकडे

"फोनमधून नको, गाडीच्या स्पीकरवर लाव," रामकृष्णराव सुनेला म्हणाले. "मले ऐकू येत नाही."

मागच्या सीटवर बसलेल्या राधिकाचा हात थबकला. पुढे, गाडी चालवणाऱ्या नवऱ्याशेजारी बसलेल्या गोदूबाईंनी पदर सारखा केला आणि उगाचच खिडकीबाहेर पाहिलं. गाडी अजून रायपुरातल्या चौबे कॉलनीतून बाहेरही पडली नव्हती आणि पहिलं विघ्न आलं होतं.

"बाबा, फोन की आवाज़ भी तो ठीक है," राधिका म्हणाली. माहेर मराठीच, पण उत्तर हिंदीत द्यायची तिची सवय काही सुटली नव्हती.

"तुले ठीक असंल. माझे कान जड झाले. लाव."

तिने लावलं. ब्लूटूथ जुळलं आणि चारही दारांमधून एक बाई स्वच्छ मराठीत बोलू लागली, "दोनशे मीटरवर उजवीकडे वळा."

"वा!" रामकृष्णराव खूश झाले. "साऱ्या गाडीले ऐकू आलं पायजे."

ठरल्याप्रमाणे गाडी नवा रायपुरातली मुक्तांगण ही मोठी बाग बघायला निघाली होती. फोनमध्ये पत्ता मात्र घातला होता गोदूबाईंच्या भावाचा, हरिदासचा, आणि त्या घराचं नाव काढायची सोय नव्हती. काही वर्षांपूर्वी हरिदासने नवा रायपुरात घर घेतलं, वास्तुशांतीला सगळ्यांना बोलावलं. तिथले ते रुंद रस्ते, एकासारखे एक चौक, विचारायला माणूस नाही. रामकृष्णराव फिरफिर फिरले आणि पोचले तेव्हा पंगती उठून भांडी घासायला पडली होती. हरिदास सर्वांसमोर हसून म्हणाला, "साऱ्या रायपूरचे नळ टाकले, अन् भाऊजीले साळ्याचं घर नाही सापडलं!"

पाणीपुरवठा खात्यात जन्म काढलेल्या माणसाला हे फार लागलं. ते पाणीही न पिता परत फिरले. "या घराची वाट मी आता कोणाले विचारणार नाही," असं दारात सांगून आले. आणि हट्टाच्या बाबतीत त्यांचा हात धरणारा अख्ख्या मोहल्ल्यात कोणी नव्हता.

गोदूबाईंनी हेही सोसलं असतं. पण गेल्या महिन्यात हरिदासचं हृदयाचं ऑपरेशन झालं. पाठचा भाऊ. फोनवर त्याचा खोल गेलेला आवाज ऐकला की त्यांना घास उतरत नसे. एकट्या जाऊन येणं अवघड नव्हतं. पण त्यांना नवरा आणि भाऊ एका खोलीत बसलेले बघायचे होते. ते होईपर्यंत काही होऊन बसलं तर, या भीतीने त्यांची झोप उडाली होती.

शेवटी सासूसुनेने स्वयंपाकघरात बसून हा बेत केला. तोही चांगल्या मोकळ्या आवाजात, कारण रामकृष्णराव बाहेर पेपर वाचत होते आणि वर्षभरापासून त्यांना "दूध बघा" म्हटलेलंसुद्धा ऐकू येत नव्हतं. हरिदासच्या घरी कळवायचं नाही, असंही ठरलं. त्याची बायको मीरा गुणाची, पण तिच्या पोटात काही राहत नसे.

"मुक्तांगणाले? हव, चाला," रामकृष्णराव लगेच म्हणाले होते. गोदूबाईंना क्षणभर नवल वाटलं, मग त्यांनी देवाला हात जोडले.

तेलीबांधा तलावाजवळ रामकृष्णरावांनी गाडी थांबवून डाळिंबं घेतली. एकेक हातात घेऊन, निवडून.

"बागेत डाळिंबं कोण सोलत बसणार?" गोदूबाईंनी विचारलं.

"मी सोलीन."

ऊन कोवळं होतं, रस्ता मोकळा होता, आणि प्रवास मजेत चालला होता. बाई सांगत होती आणि रामकृष्णराव "जी" म्हणून वळत होते. अख्ख्या संसारात गोदूबाईंनी दाखवलेल्या एकाही वळणावर हा माणूस वळला नव्हता. त्यांना त्या बाईचा थोडा रागच आला.

विमानतळ मागे पडला. नवा रायपूर लागलं. पुढच्या चौकात मोठी पाटी होती, मुक्तांगण, आणि बाण उजवीकडे.

"डावीकडे वळा," बाई म्हणाली.

रामकृष्णरावांनी गाडी थांबवली. मागून हॉर्न वाजवायलाही कोणी नव्हतं.

"पाटी तर उजवीकडे दाखवून राहिली."

गोदूबाईंनी डोळे मिटून घेतले. आता गाडी फिरणार, घरी जाईपर्यंत अबोला, आणि हरिदासचं घर कायमचं तुटणार.

"बाबा, उधर काम चल रहा होगा," राधिका कशीबशी म्हणाली.

रामकृष्णरावांनी पाटीकडे पाहिलं, मग फोनकडे. "बाई म्हणते डावीकडे. तिले वरून सारं दिसते. आपण काहून शहाणपण करावं?"

गाडी डावीकडे वळली. दोन चौक, एक बगीचा, मग ओळीने घरं. "तुम्ही पोहोचला आहात," बाईने जाहीर केलं.

फाटकावर हरिदासच्या नावाची पाटी होती. गोदूबाई घाईघाईने म्हणाल्या, "अहो, रागावू नका."

"मी कोणाले वाट विचारली नाही," रामकृष्णराव म्हणाले. "तुम्ही दोघींनी ऐकलं नं? बाईनं आणलं. आता आलोच आहो तर पाणी पिऊन जाऊ." डाळिंबांची पिशवी घेऊन ते उतरलेसुद्धा.

हरिदास ओसरीवर खुर्चीत बसला होता. वाळला होता. तो उठायला लागला तसे रामकृष्णराव भरभर पायऱ्या चढले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बस, बस. उठू नको."

हरिदासने तो हात धरून ठेवला. गोदूबाईंचे डोळे भरून आले. आयुष्यात पहिल्यांदा आपण नवऱ्याला बनवलं, या आनंदात त्या आत गेल्या. आत पाच ताटं मांडलेली होती आणि मीरा कढईतून वडे काढत होती.

"अगं मीरा, आम्ही असे अचानक आलो, तू काही करत बसू नको," गोदूबाई म्हणाल्या.

"अचानक कुठलं, ताई?" मीरा म्हणाली. "भाऊजीनं परवाच फोन केला नं. म्हणाले, गोदू मले रविवारी फसवून आणून राहिली, मी फसलो असंच दाखवजा."