झेंडूचा हार

"साहेब, माझ्या आप्पांना तुम्ही मारलंत!" रुग्णालयाचे कॉम्प्युटर सांभाळणारी हेमांगी व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये शिरताच कडाडली.

खंडेनवमीला ती याच साहेबांच्या हातापाया पडली होती. "दुरून सर्व्हरशी जोडणाऱ्या त्या सुरक्षित म्हणवणाऱ्या सॉफ्टवेअरलाच भगदाड पडलंय. परक्यानं नुसतं 'माझी ओळख पटलीय' म्हटलं, की दार उघडतंय. आत्ताच दुरुस्त करू द्या." साहेब सर्व्हरला झेंडूचा हार घालत होते. "पूजा झालेल्या यंत्राला दसऱ्यापर्यंत हात लावू नये, पोरी. एका दिवसानं काय आभाळ कोसळतंय?"

दसऱ्याला त्याच भगदाडातून चोर शिरले आणि रुग्णालयाची सगळी माहिती खंडणीसाठी कुलपात घालून बसले. तिथंच उपचार घेणाऱ्या तिच्या वडिलांच्या, आप्पांच्या घशातल्या कॅन्सरच्या गाठीला रेडिएशन नेमकं कुठं द्यायचं, तो आराखडाही त्यातच अडकला. उपचार थांबले, पण गाठ काही थांबली नाही. शेवटी आप्पांना पाणीही गिळवेना.

"नशिबापुढं कुणाचं चालतं?" साहेब पुटपुटले.

हेमांगीनं सोबत आणलेला सर्व्हरवरचा सुकलेला हार त्यांच्या टेबलावर ठेवला. "आप्पा रोज विचारायचे, 'मशीन कधी सुरू होणार गं?' मी त्यांना काय सांगायचं होतं, साहेब? बोला ना!"