शेषाद्रींचा मेकॅनिक

संयुक्तानं चावी फिरवली. जीप कण्हली, दोनदा खोकली आणि गप्प बसली.

फाटकाशी अनंतराव उभे होते. ते शेषाद्रींचे चुलतभाऊ, समोरच राहतात, आणि चेन्नईतल्या अड्यारच्या त्या गल्लीत कोणाचं काय बिघडलं हे त्यांना घरच्यांच्या आधी कळतं. रविवारची इडली पोटात गेली की लुंगीसारखी नेसलेली वेष्टी सावरत ते इकडे येतातच.

"शेषाद्री, तुमचा मेकॅनिक आज आला नाहीं कां?" त्यांनी विचारलं.

"रविवारीं येत नाहीं तो," व्हरांड्यात बसलेले शेषाद्री म्हणाले आणि त्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

कसला मेकॅनिक नि कसलं काय! जीपचं पेट्रोल इंजिन काढून तिथं डिझेल इंजिन बसवायचं सगळं काम शेषाद्रींची मुलगी संयुक्ता घरच्या पोर्टिकोत एकटीनं करत होती. जुनं इंजिन कोवलमच्या किनाऱ्यावरच्या वाळूत दर खेपेला मान टाकायचं, म्हणून तिनं हे मनावर घेतलं होतं. पुदुपेटच्या जुन्या बाजारातून इंजिन तिनं निवडलं, भाड्याच्या चेनपुलीनं जागेवर उतरवलं, गिअरबॉक्सशी जुळवायची जाड लोखंडी प्लेट मापं देऊन कापून घेतली, परवानगीचे सोपस्कारही तिनंच उरकले.

बँकेतून निवृत्त झालेल्या शेषाद्रींना मात्र प्रश्न पडला होता, की तीस वर्षांची मुलगी दिवसभर गाडीखाली उताणी पडलेली असते हे चार लोकांत सांगायचं कसं? म्हणून त्यांनी गिंडीचा एक मेकॅनिक निर्माण केला. काम तो करतो, मुलगी नुसते पाने हातात देते. त्याला कोणी कधी पाहिलं नव्हतं. पण शेषाद्री त्याच्याबद्दल इतक्या जिव्हाळ्यानं बोलत, की त्याला दिवाळीला वेष्टी घ्यायची का, असं त्यांच्या बायकोनं, कनकाबाईंनी, एकदा अगदी साळसूद चेहऱ्यानं विचारलं होतं.

संयुक्ता त्यावर हसली होती, पण तिला ते लागलं होतं. इंजिन सुरू व्हायला हवं होतंच. त्याहून जास्त तिला हे हवं होतं, की ते सुरू होईल तेव्हा अप्पांनी एकदा तरी तिचं नाव घ्यावं.

"एअर आहे," ती स्वतःशीच म्हणाली आणि बॉनेटखाली वाकली. डिझेलच्या नळीत हवा राहिली की इंजिन कितीही फिरवा, पेटत नाही. एक बोल्ट सैल करून ती फिल्टरवरचा छोटा पंप दाबत राहिली. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग नुसतं स्वच्छ डिझेल. तिनं बोल्ट आवळला.

तेवढ्यात कनकाबाईंनी चारी चाकांखाली लिंबं ठेवून ताटात कापूर पेटवला.

"अम्मा, इथें डिझेल सांडलें आहे! कापूर तिकडे, फाटकापाशीं!"

कनकाबाई निमूटपणे फाटकापर्यंत मागं सरल्या आणि त्यांनी लांबूनच जीपला ओवाळलं. निम्मी आरती अनंतरावांनाच मिळाली.

"उद्यां मेकॅनिक येईल, तो बघेल," अनंतराव म्हणाले. "तूं कशाला हात काळे करतेस, कण्णा?"

संयुक्तानं अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी पेपरचं पान उलटलं. तिनं पुन्हा चावी फिरवली.

या वेळी इंजिन धडधडलं. काळ्या धुराचा एक लोट पोर्टिकोभर झाला, नारळावरचे कावळे उडाले, सगळी जीप थरथरली आणि मग एका लयीत चालू लागली. कुठं गळती नाही, तेलाचा काटा हवा तिथं. "अय्यो!" म्हणत कनकाबाई टाळ्या वाजवायला गेल्या आणि कापराचं ताट हातात असल्याचं त्यांना वेळेवर आठवलं. संयुक्ताला तर हसू आवरेना. तिनं ऐटीत चावी बंद केली.

इंजिन चालूच राहिलं.

तिनं चावी काढून तळहातावर घेतली, तरी चालूच. मग तिनं कपाळावर हात मारला. पेट्रोलच्या गाडीत चावी बंद की सगळं बंद. या जुन्या डिझेल इंजिनाला तसं चालत नाही. त्याचं डिझेल तोडणारी एक निराळी तार पुढं आणून तिला मूठ बसवावी लागते. आजवर पेट्रोलचीच गाडी चालवलेल्या बाईला ती तार सुचलीच नव्हती.

"थांबत नाहीं कां?" अनंतरावांचा चेहरा खुलला. "शेषाद्री, फोन करा, फोन! मेकॅनिकास बोलवा!"

शेषाद्रींनी पेपर खाली ठेवला. पायऱ्या उतरून ते जीपपाशी आले. त्या धडधडाटात बोलायचं म्हणजे ओरडावंच लागत होतं.

"मेकॅनिक नाहीं!"

"मग कधीं येणार?"

"तसा कोणी नाहींच, अनंतराव! कधींच नव्हता! मी लबाड बोललों! हें सगळें संयुक्तानें केलें! आमच्या संयुक्तानें!"

एवढं मोठ्यानं शेषाद्री आयुष्यात बोलले नसतील. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. वरच्या मजल्यावरचे वसंतराव शर्टाची बटणं लावत बाल्कनीत डोकावले आणि खाली यायला लगबगीनं आत वळले.

संयुक्ताचे डोळे भरून आले. ते धुरानं, असं दाखवत ती घाईघाईनं बॉनेटखाली वाकली. पंपावरचा खटका हातानं दाबला की इंजिन थांबणार होतं.

"चूक झाली, अप्पा! तार राहिली! आत्तां बंद करतें!"

शेषाद्रींनी तिचं ग्रीसनं माखलेलं मनगट धरलं. त्यांची पांढरी बाही काळी झाली.

"सरी, सरी, असूं दे. पण इतक्यांत नको," ते म्हणाले. "वसंतराव अजून जिना उतरत आहेत."