निळी चिठ्ठी

प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या पिंजऱ्यांचं पाणी बदलताना इंदुबाई रोज एक चोरी करायची. पांढऱ्या चिठ्ठीच्या उंदरांना बोरकर मॅडम चांदीची नॅनो पावडर देत आणि वर भुईआवळ्याचा रस. निळ्या चिठ्ठीच्या उंदरांना नुसतीच पावडर. निळ्यांची यकृतं सडतात आणि रसामुळे पांढऱ्यांची वाचतात, हे मॅडमना सिद्ध करायचं होतं.

भुईआवळा इंदुबाईनेच बांधावरून उपटून आणला होता. तिच्या नवऱ्याची कावीळ त्यानेच उतरली होती. मग निळ्यांनी काय घोडं मारलंय? शेवटी मरायचं तर सगळ्यांनाच होतं, पण निदान कुढत मरू नयेत, म्हणून बाटलीतला उरलेला रस ती गुपचूप त्यांच्या पाण्यात ओतायची.

महिन्याने मॅडमनी साठही उंदीर मारून यकृतं तपासली.

“सगळी ठणठणीत!” त्या वैतागून म्हणाल्या. “पावडरीने काही झालंच नाही, तर तुमच्या भुईआवळ्याने वाचवलं कशापासून, इंदुबाई?”

इंदुबाईने तोंड उघडलं. मग नोकरी आठवली, आणि मिटलं.

“सोमवारी नवे साठ येतील. सगळ्यांना निळीच चिठ्ठी लावा. आधी पावडर किती भोवते तेवढंच बघू. या वेळी चौपट देऊ.”

“आणि रस, मॅडम?”

“त्याचं आता काय काम? ओता बेसिनमध्ये.”

मॅडम बघत होत्या, म्हणून इंदुबाईने बाटली पार शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी केली.