मागचं चाक

"ताई, उचलू का गाडी?" भंगारवाल्याने फाटकातून विचारलं. त्याला मीच बोलावलं होतं. दुरुस्तीला काढलेलं इंजिन रविवारपर्यंत परत बसलं नाही तर फियाट भंगारात, असं मी नवऱ्याला बजावलं होतं, आणि आज रविवार होता.

पोर्चच्या तुळईला टांगलेल्या कप्पीची साखळी मी धरून होते. इंजिन गाडीत उतरलं होतं, पण गिअरबॉक्सला भिडायला दोन बोटं कमी पडत होती. हे घामाघूम होऊन ढकलत होते.

"दातात दात बसत नाहीत गं." ह्यांचा असा रडवेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला माझाच राग आला.

"अहो, मिक्सरचं भांडं बसेना की आपण ते जरा फिरवतो. इथे काय फिरतं?"

हे एकदम ओरडले, "मागचं चाक! गाडी गिअरमध्येच आहे, ते फिरवलं की आतला दांडा फिरेल!"

पण आमचे चारही हात अडकलेले. मी भंगारवाल्यावर खेकसले, "बघत काय उभे राहिलात? ते जॅकवर उचललेलं मागचं चाक फिरवा, हळू!"

त्याने आत येऊन हातातला हातोडा खाली ठेवला आणि चाक फिरवलं. खट्ट! इंजिन सरकून जागच्या जागी बसलं.

"बसलं!" सगळ्यांत मोठ्याने तोच ओरडला.

संध्याकाळी गाडी सुरू झाली, तेव्हाही तो गेला नव्हता. नारळ मी त्याच्याच हातात दिला. गाडी तोडायला आणलेल्या हातोड्याने त्याने तो एका घावात फोडला.