उतरा लागन

शेवटच्या तळावर वैभवीचं डोकं ठणकत होतं, पोटात पाणी ठरत नव्हतं, चालताना झोक जात होता. "विरळ हवा बाधली, आत्ताच खाली चला," गाइड विनवत होता. पण शिखर समोर दिसत होतं आणि तिकडे गावी, मानोऱ्यात, तिचे बॅनरही लागले होते. ती हटूनच बसली.

तेवढ्यात आईचा फोन आला. "आई, डोकं फुटून राह्यलं माहं."

"बॅनर नका लावू म्हनलं होतं म्या!" तुटक आवाजात प्रयागबाई ओरडल्या. "आता लगेच उतरा लागन!" आणि फोन कटला.

कधीच 'माघारी फिर' न म्हणणारी आई असं म्हणाली! वैभवीनं मुकाट्यानं सॅक उचलली.

खालच्या गावात पोचली तोवर डोकं हलकं झालं होतं. गरम भातही पोटात राहिला. तिनं फोन लावला. "आई, तुह्यं ऐकलं म्हून वाचली."

"मंग! तुह्या फोटोवरून मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. जरासा ठसका नाई आला, इतकी जबर नजर! म्हनलंच होतं तुले, उतरवा लागन."

रेंजनं मधला 'व' खाल्ला होता तर! वैभवीला हसू आवरेना.

"उतरली ना मंग?" आईनं काळजीनं विचारलं.

"हो आई, उतरली."