चव्वेचाळीस नंबर

चव्वेचाळीस नंबर तिसऱ्यांदा थबकला तेव्हा आसावरी बाकावरून अर्धी उठली होती.

बॉल घेऊन पळणारा मुलगा त्याच्या हाताच्या अंतरावरून निसटला. शेवटी दुसऱ्याच कुणीतरी त्याला पाडलं. मागच्या रांगेतला एक टोपीवाला माणूस ओरडला, "हिट समबडी, फॉर्टी-फोर!"

"बस खाली," तिचा नवरा प्रल्हाद म्हणाला.

"बसलेच आहे."

"यायलाच नको होतं आपण."

"मी शब्द दिलाय, प्रल्हाद."

"म्हणून तर नोव्हायच्या घरापासून दीड तास ड्राइव्ह करून आणलं ना तुला." तो मैदानाकडे बघतच नव्हता. हातातल्या कागदी कपाची कड तो नखाने सोलत होता.

२००७ सालचा जून. शाळा संपवून बाहेर पडलेल्या, राज्यभरातून निवडलेल्या मुलांची ही अमेरिकन फुटबॉलची मॅच होती. चिल्ड्रन्स हॉस्पिटलच्या मदतीसाठी ती दरवर्षी व्हायची. मैदानाच्या कडेला हॉस्पिटलमधल्या मुलांना मानाची जागा दिली होती. कुणी व्हीलचेअरवर होतं, कुणाच्या काखेत कुबड्या. खेळाडू आत येताना त्यांच्या हातावर टाळ्या देत आले होते. चव्वेचाळीस नंबर मात्र मान खाली घालून सरळ पुढे निघून गेला होता.

आसावरीच्या शेजारी एक साठीच्या बाई बसल्या होत्या. मराठी ऐकून त्यांनीच मघाशी ओळख करून घेतली होती. लताकाकू. नागपूरहून लेकीकडे आल्या होत्या आणि नात बँडमध्ये वाजवणार म्हणून इथे.

"फुटबॉल म्हणतात अन् बॉल सगळा वेळ हातातच," त्या म्हणाल्या. "कोणाकडे बघतेस गं इतकं जीव टाकून?"

"चव्वेचाळीस नंबर. तो निळ्या टीममधला."

"अगंबाई, केवढा दांडगा! मग घाबरतेस कशाला? त्याला कोण पाडणार?"

"त्याला कुणी पाडेल याची भीती नाही, काकू. पाडायचं काम त्याचंच आहे. बॉल घेऊन पळणाऱ्याला आडवं करायचं. ऑक्टोबरपासून तो पाडतच नाही. जवळ जातो आणि आयत्या वेळी हात आखडतो."

"मनाचा हळवा असेल."

"हळवाच आहे. दर रविवारी माझ्या हातचे पोहे खातो, पण मान वर करत नाही."

काकूंनी तिच्या हातावर हात ठेवला. "वयच तसं असतं गं."

"ऑगस्टपासून कॉलेजच्या टीममध्ये जायचंय त्याला. त्यांचा कोच आलाय आज. तो बघा, पांढऱ्या शर्टातला. असाच खेळला तर ते घेणार नाहीत."

प्रल्हाद उठला. "कॉफी आणतो."

"कप भरलेला आहे तुझा."

तो तरीही गेला. जिन्याकडे जाताना व्हीलचेअरची रांग समोर आली, तशी त्याने नजर दुसरीकडे वळवली.

तो परत आला तेव्हा शेवटची पाच मिनिटं उरली होती. आसावरी आता उभीच होती. ओढणीचं टोक तिने बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं. मागचा टोपीवाला तिला खाली बसायला सांगत होता. तिला ऐकू येत नव्हतं.

लाल टीमच्या नऊ नंबरने बॉल घेतला. लहानखुरा, चपळ मुलगा. दोघांना चकवून तो मोकळ्यावर आला. पुढे एकटा चव्वेचाळीस नंबर होता.

चव्वेचाळीस धावला. दहा पावलं राहिली. पाच. त्याचे खांदे मागे आल्यासारखे झाले.

"थांबू नकोस!" आसावरी मराठीतच ओरडली. "थांबू नकोस रे!"

धडकेचा आवाज वरपर्यंत आला. गोणी ट्रकमधून खाली टाकावी तसा. दोघंही गवतावर आडवे झाले. लोक ओरडत उठले.

चव्वेचाळीस लगेच उभा राहिला. नऊ नंबर उठला नाही.

आरडाओरडा विरत गेला. टीमचे डॉक्टर धावत आत आले. चव्वेचाळीस दोन पावलं मागे सरकला आणि गुडघ्यांवर बसला. दोन्ही हात त्याने हेल्मेटवर धरले होते.

"देवा," आसावरी पुटपुटली. "देवा, नको. पुन्हा नको."

प्रल्हादने कप खाली टाकला आणि तिचा हात धरला. आता तोही मैदानाकडे बघत होता.

नऊ नंबरचा पाय हलला. मग दुसरा. डॉक्टरांनी काहीतरी विचारलं, त्याने मान डोलावली. कुणाचाही हात न धरता तो उठला. व्हीलचेअरवरच्या मुलांनी सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या. बाहेर जाता जाता नऊ नंबर वळला, गुडघ्यांवर बसलेल्या चव्वेचाळीसच्या खांद्यावर त्याने थाप मारली आणि हात देऊन त्याला उभं केलं.

पांढऱ्या शर्टातला कोच वहीत काहीतरी लिहीत होता.

आसावरी मटकन खाली बसली. तिला रडू आवरेना.

"झालं ना सगळं नीट?" लताकाकू म्हणाल्या. "पोरगं सुखरूप आहे तुझं. पूस डोळे."

प्रल्हादने खिशातून फोन काढला. सकाळपासून त्याला इथे यायचंच नव्हतं, पण आता नंबर त्यानेच लावला आणि फोन तिच्या कानाला धरला.

पलीकडे पहिल्याच रिंगला कुणीतरी उचलला. "मॉम? डिड ही डू इट?"

"केलं," आसावरी म्हणाली. "थांबला नाही. ऑक्टोबरमध्ये तुला पाडलं होतं तसंच पाडलं, शंतनू. आणि तो मुलगा उठून आपल्या पायांनी चालत गेला."